दर चार वर्षांनी एक सेंट : अटलांटाच्या सांडपाणी विक्रीकराचे प्रकरण

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. शहराच्या हद्दीत करपात्र वस्तू विकत घेतली की दर डॉलरमागे एक सेंट पाणी आणि सांडपाणी खात्यासाठी जमा होतो. कराचे नाव 'म्युनिसिपल ऑप्शन सेल्स टॅक्स', पण बोलताना सगळे 'मोस्ट' एवढेच म्हणतात. तो १ ऑक्टोबर २००४ ला सुरू झाला आणि त्याची मुदत चार वर्षांची आहे. मुदत संपत आली की शहराला मतदारांकडे जाऊन पुन्हा होकार मागावा लागतो. २००८, २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशा पाचही वेळा होकार मिळाला.

प्रत्येक मतदान जिंकलेल्या कराचा अभ्यास कशाला, असे कोणी विचारेल. पण चार वर्षांच्या करावर तीस वर्षांचे कर्ज उभे राहिले, की मतपत्रिकेवरचा प्रश्न आणि प्रत्यक्ष निर्णय यांत अंतर पडत जाते. अटलांटात ते वीस वर्षे कसे पडत गेले, हे इथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे. खासगी व्यक्तींची नावे घेतलेली नाहीत. जी नावे येतात ती सार्वजनिक पदांवरच्या लोकांची आहेत.

पार्श्वभूमी

अटलांटा टेकडीच्या माथ्यावर वसलेले आहे. शहराच्या मधूनच जलविभाजक जातो. एका बाजूचे पाणी चॅटाहूची नदीतून मेक्सिकोच्या आखाताकडे जाते, तर दुसऱ्या बाजूचे साऊथ रिव्हरमार्गे अटलांटिक महासागराकडे. शहराच्या मधून मोठी नदी वाहत नाही. जवळच्या ओढ्यांत जे सोडाल ते पातळ न होता खालच्या गावांच्या दारात जाते.

जुन्या मध्यवर्ती भागात मैलापाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहत होते. एरवी सगळे पाणी शुद्धीकरण केंद्रात जाई. जोराचा पाऊस आला की नळ भरे, आणि जास्तीचे पाणी मैल्यासकट ठरावीक ठिकाणांहून ओढ्यात सोडले जाई. ही झाली संयुक्त गटारांची अडचण. दुसरी अडचण शहराच्या उरलेल्या भागातली. तिथे मैलापाण्याचे नळ वेगळे होते, पण जुने. मातीच्या नळांना तडे गेलेले, सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरलेली, हॉटेलांच्या आणि घरांच्या स्वयंपाकघरातले तेल-चरबी आत थिजलेली. अशा नळात तुंबा झाला की मॅनहोलचे झाकण उचलून मैला रस्त्यावर येतो, आणि त्यासाठी पाऊसच पडायला हवा असे नाही. या जाळ्याची लांबी दीड हजार मैलांहून अधिक आहे.

१९९५ मध्ये चॅटाहूची नदीसाठी काम करणाऱ्या 'रिव्हरकीपर' संस्थेने शहरावर केंद्रीय न्यायालयात खटला भरला. शहराने 'क्लीन वॉटर ॲक्ट'चा भंग केल्याचा निकाल १९९७ मध्ये लागला. त्यातून दोन संमती आदेश (दोन्ही पक्षांनी मान्य केलेले आणि न्यायालयाने बंधनकारक केलेले समझोते) निघाले, १९९८ चा संयुक्त गटारांबद्दल आणि १९९९ चा वेगळ्या मैलावाहिन्यांबद्दल. पहिल्यात २५ लाख डॉलर दंड होता आणि ओढ्यांकाठची जमीन विकत घेऊन मोकळी ठेवण्यासाठी २.५ कोटी डॉलर खर्च करण्याची अट होती. दुसऱ्यात ७ लाख डॉलर दंड होता. दंड तसा किरकोळ. खरे ओझे कामांचे आणि तारखांचे होते : संयुक्त गटारांचे काम २००७ पर्यंत (पुढे २००८ पर्यंत वाढवून मिळाले) आणि मैलावाहिन्यांचे २०१४ पर्यंत. खर्चाचा आकडा ३ अब्ज डॉलरच्या वर गेला आणि पुढे ४ अब्जांच्या आसपास पोहोचला.

जानेवारी २००२ मध्ये शर्ली फ्रँकलिन महापौर झाल्या तेव्हा या कामांसाठी पैशाची सोय नव्हती. शिवाय पिण्याच्या पाण्याची व्यवस्था १९९९ मध्ये वीस वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे दिलेली होती. तो करार जानेवारी २००३ मध्ये मोडावा लागला आणि पाणीपुरवठाही शहराच्या अंगावर परत आला.

नेमकी अडचण

न्यायालयाच्या आदेशामुळे काम करायचे की नाही, हा प्रश्न उरलेला नव्हता. पैसे कोणाच्या खिशातून आणायचे, एवढेच ठरवायचे होते. आदेश केंद्राच्या कायद्याखाली होता, पण त्यासोबत केंद्राचे मोठे अनुदान नव्हते. राज्याने कमी व्याजाच्या कर्जाची तयारी दाखवली, पण कर्जालाही हप्ता असतो.

अमेरिकेत पाणी-सांडपाणी खाते सहसा 'स्वतःच्या पायावर' चालवले जाते. ग्राहकांच्या बिलातून खर्च भागवायचा, आणि मोठ्या बांधकामासाठी त्याच बिलांच्या तारणावर रोखे विकायचे. रोख्यांची परतफेड साधारण तीस वर्षांत होते. ३ अब्जांचे काम फक्त बिलांवर टाकले तर पाणीपट्टी तिपटीवर जाण्याची भाषा शहरात सुरू झाली. अटलांटात गरीब वस्ती मोठी आहे आणि पाण्याच्या बिलाला पर्याय नसतो. बिल थकले की नळ तोडला जातो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला निर्णय अभियांत्रिकीचा होता आणि बाकीची पैशाची चर्चा त्यावर अवलंबून होती. सगळ्या संयुक्त गटारांची फारकत करायची, म्हणजे जुन्या शहरातला जवळजवळ प्रत्येक रस्ता खोदून दुसरा नळ टाकायचा. नाहीतर खोल खडकात भुयारे खणून वादळाचे पाणी तिथे साठवायचे आणि पाऊस ओसरल्यावर उपसून शुद्ध करायचे. जॉर्जिया टेक विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष वेन क्लॉ यांच्या अध्यक्षतेखाली महापौरांनी तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने मिश्र मार्ग सुचवला : जिथे सोयीचे तिथे फारकत, पश्चिम भागात भुयार. हे भुयार साडेआठ मैल लांब आणि २४ फूट व्यासाचे आहे. वर्षाला सरासरी चारच वेळा पाणी बाहेर पडावे, तेही गाळून आणि जंतुनाशक प्रक्रिया करून, असे त्याचे गणित होते.

ही समिती नेमणे हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय म्हणावा लागेल. मतदान त्यानंतर दोन वर्षांनी झाले, पण मतदारांपुढे जो आकडा गेला त्याला शहराबाहेरच्या जाणकारांचा आधार होता. हा आधार नसता तर २००४ चा प्रचार 'खर्च फुगवला आहे' या एकाच आरोपात अडकला असता.

पैशाचे पर्याय असे होते. सगळा भार बिलांवर टाकणे कायद्याने सर्वांत सोपे, कारण त्याला नगर परिषदेचा ठराव पुरतो. पण बिल भरतो तो शहरातला ग्राहक. रोज सकाळी उपनगरांतून येणारे लाखो नोकरदार, अधिवेशनांना येणारे पाहुणे आणि सामन्यांना येणारे प्रेक्षक शहरातली स्वच्छतागृहे वापरतात, त्यांच्यापर्यंत बिल पोहोचत नाही. मालमत्ता कराचीही तीच गत. राजधानी असल्याने सरकारी इमारती, विद्यापीठे आणि चर्च मिळून शहराचा मोठा भाग करमुक्त आहे. पावसाळी पाण्याचे वेगळे शुल्क, म्हणजे ज्याच्या आवारात जितके काँक्रीट तितकी आकारणी, हा तत्त्वाने सर्वांत न्याय्य मार्ग होता, पण १९९९ मध्ये तसा प्रयत्न करून शहर कोर्टात हरले होते.

उरला विक्रीकर. पाहुणाही भरतो, उपनगरातला नोकरदारही भरतो, हा त्याचा मोठा गुण. (अटलांटा परिसरातली बरीच मराठी कुटुंबे अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या बाजूला राहतात. शहराच्या मतदानात त्यांना मत नाही, पण लेनॉक्सच्या मॉलमध्ये खरेदी केली की त्यांचाही सेंट या नळांत जातो.) दोष तीन. गरिबाच्या उत्पन्नातला जास्त हिस्सा खरेदीवर जातो, त्यामुळे त्याला हा कर तुलनेने जड पडतो. मंदी आली की वसुली घसरते, कर्जाचा हप्ता मात्र तितकाच राहतो. आणि कर फक्त शहराच्या हद्दीत लागतो, तर खात्याचे पाणी हद्दीबाहेर सँडी स्प्रिंग्जसारख्या ठिकाणीही जाते.

हद्दीचा मुद्दा व्यवहारात फार त्रास देतो. पत्त्यावर 'अटलांटा' असले म्हणजे दुकान शहरात असतेच असे नाही, कारण पिनकोडच्या रेषा आणि नगर हद्दीच्या रेषा वेगळ्या आहेत. पिनकोडवरून कर लावणारे गल्ल्याचे सॉफ्टवेअर हद्दीबाहेरच्या गिऱ्हाइकाकडून एक टक्का जास्त घेते, किंवा आतल्याकडून कमी. हद्द बदलली की हा घोळ नव्याने होतो. एमरी विद्यापीठाचा परिसर १ जानेवारी २०१८ पासून शहरात आला, त्यामुळे तिथल्या दुकानांचा दरही बदलला. असा कर लावणाऱ्या कोणत्याही शहराने पत्तानिहाय यादी तयार करून राज्याच्या महसूल खात्याला आधी द्यावी. वसुली राज्य करते आणि चुकीच्या खात्यात गेलेला पैसा परत मिळवणे किचकट असते.

२००४ : पहिला होकार

नवा विक्रीकर लावण्याचा अधिकार शहराला आपोआप नव्हता. आधी राज्याच्या विधिमंडळाकडून कायदा करून घ्यावा लागला, मग नगर परिषदेचा ठराव, मग मतदान. विधिमंडळात ग्रामीण आणि उपनगरी सदस्यांचे बळ जास्त. त्यांच्या पाठिंब्याची किंमत म्हणून कराला दोन कुंपणे पडली : ठरावीक मुदत आणि वसुलीच्या रकमेवर मर्यादा. पुढच्या मुदतवाढींत ही अट 'सोळा तिमाह्या किंवा ७५ कोटी डॉलर, जे आधी होईल ते' अशी होती.

मतदान २० जुलै २००४ ला, राज्याच्या प्राथमिक निवडणुकीबरोबर (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाबरोबर) झाले. होकार-नकाराचे प्रमाण जवळपास तीनास एक. शहरातला एकूण विक्रीकर ७ टक्क्यांवरून ८ झाला. सरकारी पैशातून प्रचार करता येत नाही, फक्त माहिती देता येते. त्यामुळे बाजू मांडण्याचे काम व्यापारी संघटना आणि नागरिकांच्या गटांनी केले. ज्या संस्थेने खटला भरला होता, तीही कराच्या बाजूने उभी राहिली. शहर आणि फिर्यादी एकाच बाजूला आल्यावर विरोधकांना सांगण्यासारखे फारसे उरले नाही.

प्रचाराचा गाभा एका वाक्याचा होता : कर नाकारलात तर बिल भडकेल. ते खरेही होते आणि त्याने मत मिळालेही. पण त्याची दुसरी बाजू चार वर्षांनी दिसली.

२००८ : कराला होकार, आणि बिलही वाढले

५ फेब्रुवारी २००८ ला, अध्यक्षीय प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी, मुदतवाढ मंजूर झाली. त्याच वर्षी नगर परिषदेने पाणी-सांडपाण्याच्या दरात चार वर्षांची वाढ मंजूर केली : पहिल्या वर्षी २७.५ टक्के, मग १२.५, मग १२ आणि पुन्हा १२. चक्रवाढीने हिशेब केला तर १०० डॉलरचे बिल चार वर्षांत सुमारे १८० वर जाते.

वाढीला कारणे होती. बांधकाम महागले होते, कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, दुष्काळामुळे पाणी जपून वापरायला सांगितल्यावर लोकांनी खरोखरच कमी वापरले आणि विक्री घटली, आणि मंदीने विक्रीकराची वसुलीही खाली आणली. ही सगळी कारणे एकाच वेळी आली. पण फेब्रुवारीत 'कर द्या म्हणजे बिल आटोक्यात राहील' असे ऐकलेल्या कुटुंबाला उन्हाळ्यात वाढीव बिल हातात पडले, आणि अटलांटाची बिले देशातल्या सर्वांत जड बिलांत मोजली जाऊ लागली.

इथे एक निर्णय वेगळा घेता आला असता. दरवाढीचे वेळापत्रक मतदानाआधी मंजूर करून मतदारांपुढे दोन रकाने ठेवायचे : कर राहिला तर चार वर्षांत बिल इतके, गेला तर इतके. दोन्ही आकडे वाढीचेच असते, पण खरे असते. निवडणुकीच्या वर्षात असा तक्ता छापायला धैर्य लागते, हे मान्य. तरी मुदतीच्या कराचा सगळा डोलारा पुन्हा विचारण्यावर उभा असतो, आणि पुढच्या वेळी तोंड दाखवायचे असेल तर या वेळी पूर्ण आकडा सांगावा लागतो.

२०१२ आणि २०१६ : सवयीचा होकार

२०१२ च्या मार्चमध्ये पाचांपैकी चारांहून अधिक मतदारांनी 'हो' म्हटले. त्याच वर्षी न्यायालयाने मैलावाहिन्यांच्या कामाची मुदत २०१४ वरून २०२७ पर्यंत वाढवली. पश्चिमेचे भुयार आणि संयुक्त गटारांची मोठी कामे तोवर पूर्ण झाली होती, ओढ्यांतले प्रदूषण उघड दिसण्याइतके घटले होते. राहिलेल्या कामाला तेरा वर्षे जास्त मिळाल्याने दर वर्षाचा ताण कमी झाला. त्यानंतर शहराने बरीच वर्षे दर वाढवले नाहीत. २०१६ चे मतदानही, १ मार्चला, निर्विघ्न पार पडले.

बिलांनी पिचलेल्या ग्राहकाला दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. पण दर गोठवले की नळांचे वय गोठत नाही. पिण्याच्या पाण्याचे जाळे २८०० मैलांच्या आसपासचे आहे आणि त्यातले काही नळ शंभरीकडे झुकलेले आहेत. मैलावाहिन्यांमागे न्यायालयाची तारीख होती, पिण्याच्या पाण्याच्या जुन्या नळांमागे कोणाचीच नव्हती. ज्या कामाला तारीख असते त्याला पैसा आधी मिळतो.

कायद्यात कराचा उद्देश 'पाणी आणि सांडपाणी प्रकल्प व खर्च' असा आहे. मतपत्रिकेवरही साधारण तेवढेच छापले जाते. कामांची यादी नाही, भागनिहाय वाटप नाही, कर्जफेडीला किती आणि नव्या नळांना किती हे नाही. एका अंगाने ही सोय आहे. चार वर्षांत कुठला नळ फुटेल हे आधी सांगता येत नाही, आणि काटेकोर यादी दिली तर तातडीच्या कामाला पैसा वळवताना अडचण येते. पण इतका मोघम मजकूर असला की मतदार आपल्या मनातला अर्थ त्यात भरतो. आपल्या गल्लीतला जुना नळ बदलला जाईल, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पैशाचा मोठा भाग आधीच विकलेल्या रोख्यांच्या हप्त्यांना आणि आदेशातल्या कामांना लागतो.

आणि हाच या प्रकरणाचा गाठीचा मुद्दा आहे. तीस वर्षांचा रोखा घेणारा गुंतवणूकदार खात्याचे उत्पन्न पाहतो. त्या उत्पन्नात विक्रीकराचा मोठा वाटा असतो, म्हणून दर चार वर्षांनी पतमापन संस्था मतदानाकडे डोळे लावून बसतात. तीस वर्षांत कराला सात वेळा परवानगी मागावी लागणार. एकदा नकार आला तरी कर्ज फिटत नाही, फक्त हप्ता बिलावर सरकतो. म्हणजे पहिले रोखे विकल्यानंतर मतदारापुढे 'हे काम हवे का?' हा प्रश्न उरलेलाच नसतो. 'झालेल्या कामाचा हप्ता गल्ल्यावर भरता की घरच्या बिलात?' हा असतो. हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे, पण तो या शब्दांत विचारला गेला नाही.

२०२० : तारीख हातातून निसटते तेव्हा

कराची मुदत ३० सप्टेंबर २०२० ला संपणार होती. मतदान २४ मार्चला ठेवले होते, म्हणजे निकालानंतर १९० दिवस हाताशी. ठराव फसला तर दुसरा मार्ग शोधायला, अंदाजपत्रक बदलायला आणि दुकानदारांना गल्ल्यावरचा दर बदलायची सूचना द्यायला एवढा वेळ पुरतो. महामारीमुळे मतदान आधी १९ मे आणि मग ९ जूनवर गेले. १९० चे ११३ दिवस झाले. खात्याचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणजे नव्या अंदाजपत्रकाच्या तोंडावर निकाल.

९ जूनला राज्यभर नवी मतदान यंत्रे वापरात होती, केंद्रे कमी झाली होती, आणि अटलांटात लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. तरी कर मंजूर झाला. पण समजा झाला नसता तर? विक्री थंडावल्याने वसुली तशीच घटलेली, लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या, त्यातच बिल वाढवायचे. यातून निघणारा व्यावहारिक धडा साधा आहे : मुदत संपण्याच्या आधीच्या वर्षात पहिले मतदान ठेवावे, म्हणजे एक संधी राखीव राहते. प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी मतदान घेतल्याने वेगळा खर्च वाचतो, पण ती निवडणूक हलली की कर तिच्यामागे फरफटत जातो.

दरम्यान शहरातल्या एकूण विक्रीकराचा आकडाही बदलला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी मार्टा या सार्वजनिक वाहतूक सेवेसाठी अर्धा टक्का आणि रस्त्यांसाठी ०.४ टक्का मान्य केला. राज्याचे ४, मार्टाचा मूळ १, स्थानिक १, शाळांचा १, मोस्टचा १ आणि हे ०.९ मिळून ८.९ टक्के. प्रत्येक कर वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणाने, वेगळ्या मतपत्रिकेवर येतो. पावतीवर मात्र एकच आकडा दिसतो. शहराने निदान मुदतवाढीच्या माहितीपत्रकात ही बेरीज छापावी, म्हणजे मतदाराला आपला एक सेंट एकूण ओझ्यात कुठे बसतो ते कळेल.

२०२४ : मतदानानंतर दहा दिवस

२१ मे २०२४ ला पाचवी मुदतवाढ मंजूर झाली. ३१ मे, शुक्रवारी, शहराच्या पश्चिमेला जोसेफ बून बुलेवार्ड आणि ब्रॉली ड्राइव्ह यांच्या चौकात मोठ्या जलवाहिन्या फुटल्या. तिथे ४८ इंची आणि ३६ इंची वाहिन्या एकत्र येतात. असा सांधा फुटला की नुसता एक व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, दोन्ही वाहिन्यांचे व्हॉल्व्ह शोधून बंद करावे लागतात, आणि जुने व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे फिरवले नसले की जाम होतात. त्याच रात्री मिडटाऊनमध्ये वेस्ट पीचट्री आणि अकराव्या रस्त्याच्या चौकात दुसरी वाहिनी फुटली. मोठ्या भागात नळ कोरडे पडले किंवा पाण्याचा दाब गेला. रुग्णालयांना रुग्ण हलवावे लागले, हॉटेले आणि दुकाने बंद राहिली, पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. महापौर आंद्रे डिकन्स यांनी आणीबाणी जाहीर केली. पुरवठा पूर्ववत व्हायला ६ जून उजाडला.

लोकांचा संताप रास्त होता. वीस वर्षे पाण्याच्या नावाने कर भरला, दहा दिवसांपूर्वी पुन्हा 'हो' म्हटले, आणि नळाला पाणी नाही. खात्याचे उत्तरही खोटे नव्हते : कराचा पैसा प्रामुख्याने सांडपाण्याच्या आदेशातल्या कामांना गेला, ती कामे झाली, फुटलेली वाहिनी पिण्याच्या पाण्याची होती. पण हे उत्तर मे महिन्यात मतपत्रिकेसोबत मिळायला हवे होते. जूनमध्ये दिल्यावर ते सबबीसारखे ऐकू आले.

महापौरांनी सल्लागार गट नेमला आणि त्याच्या सहअध्यक्षपदी शर्ली फ्रँकलिन यांना आणले. ज्यांनी २००४ चा कर उभा केला त्याच आता नळांच्या वयाचा हिशेब मांडायला बसल्या. लष्कराच्या अभियंता दलाला, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सला, पाहणीसाठी बोलावले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे जलवाहिन्यांच्या दुरुस्तीला वीस वर्षांत सुमारे २ अब्ज डॉलर लागतील. सप्टेंबर २०२४ मध्ये रिव्हरकीपर संस्थेने आर. एम. क्लेटन शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल शहरावर पुन्हा खटला भरला. या केंद्राची देखभाल मागे पडली, हा त्यातला आरोप. बांधकामाला कर्ज मिळते, तर देखभालीला दर वर्षीच्या अंदाजपत्रकात भांडावे लागते, ही अडचण अशा प्रत्येक खात्याची आहे.

काय साधले, काय वेगळे करता येईल

कर नसता तर ही कामे गरीब घरांच्या बिलांवर झाली असती किंवा न्यायालयाच्या तारखा चुकून दंड वाढत गेला असता. चॅटाहूचीत आज जे पाणी वाहते त्याला या एका सेंटचा मोठा हातभार आहे, आणि तो सेंट बाहेरून येणाऱ्यांकडूनही आला. हे यश मोठे आहे.

कच्चे राहिले ते विचारण्याच्या पद्धतीत. मुदतवाढीचा ठराव मांडताना शहराने एका पानाचा जोडतक्ता द्यावा. त्यात चार आकडे पुरेत : येत्या चार वर्षांत अपेक्षित वसुली, त्यातली कर्जफेडीला जाणारी रक्कम, आदेशातल्या कामांची रक्कम, आणि पिण्याच्या पाण्याच्या जुन्या नळांसाठी उरणारी रक्कम. शेवटचा आकडा लहान निघाला तर तोच चर्चेचा विषय व्हावा. काटेकोर यादीचा अडसर टाळायचा असेल तर रस्त्यांची नावे न देता 'इतके मैल नळ, इतके व्हॉल्व्ह' असे उद्दिष्ट द्यावे, आणि दर वर्षी किती झाले ते जाहीर करावे. व्हॉल्व्ह वर्षातून एकदा फिरवून पाहणे हे स्वस्त काम आहे आणि फुटीच्या वेळी तेच तासांचे दिवस होऊ देत नाही.

वसुली घसरली तर काय, हेही आधी ठरलेले असावे. तेजीच्या वर्षांत अंदाजापेक्षा जास्त आलेला पैसा वेगळ्या राखीव निधीत टाकला तर मंदीत लगेच दरवाढ करावी लागत नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना बिलात मदत आणि घरातली गळती दुरुस्त करून देणारी योजना शहराकडे आहे. तिची रक्कम मुदतवाढीच्या तक्त्यात दिसली तर विक्रीकर गरिबांना जड पडतो या आक्षेपाला कृतीने उत्तर मिळेल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले बरेच परके वाटेल. आपल्याकडे जकात गेली, एलबीटी आली आणि गेली, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर महापालिकांना राज्याकडून भरपाई सुरू झाली. यातल्या एकाही टप्प्यावर शहरातल्या माणसाने मत दिले नाही. त्यामुळे आपल्याकडे असा तक्ता मागण्याची जागा महापालिकेच्या अंदाजपत्रकावरची चर्चा आणि पाणीपट्टीवाढीचा ठराव हीच आहे.

अटलांटापुढे आता दोन तारखा आहेत. न्यायालयाच्या आदेशाची मुदत २०२७ ची आहे, आणि चालू कर ३० सप्टेंबर २०२८ ला संपतो. ठरल्याप्रमाणे काम झाले तर पुढच्या मतदानाच्या वेळी, या कराच्या इतिहासात पहिल्यांदाच, मागे न्यायालयाचा धाक नसेल. 'नाही म्हणालात तर न्यायाधीश काय करतील' हा प्रचार तेव्हा चालणार नाही, आणि जलवाहिन्यांचे २ अब्जांचे काम समोर उभे असेल. नळांची पाहणी, व्हॉल्व्हची मोजदाद आणि दरांचे वेळापत्रक २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत तयार झाले, तरच ते मतदाराच्या हातात वेळेवर पडेल.